पंखा माफी

खिमानंद गाडी ढकलत आला
आणि म्हणाला, "दाइ, पंखा माफी."

इथं माफी म्हणजे नाही.
पानी माफी, पगार माफी, सुट्टी माफी.
पहिलं वर्षभर मला वाटायचं
या शुवैखमधला जो तो
कसली ना कसली क्षमा मागत फिरतोय.

पावणेतीन वाजलेले. चारपर्यंत
डिलिव्हरीच्या गाड्यांना उन्हाची बंदी.
चार वाजून एक मिनिटाला त्याचा फोन ठणाणा करणार.
म्हणजे माझ्याकडे सव्वा तास,
चिकटपट्टी गुंडाळलेला एक मल्टिमीटर
आणि सत्तेचाळीस अंशांची सावली.

आधी विचारलं, काटा कुठवर जातो?
लाल रेघेवर. मग शिट्टी. मग वाफ.
कूलंट बघितलं, होतं.
पंख्याचं पातं बोटानं ढकललं,
जत्रेतल्या भिंगरीसारखं फिरलं. जाम नाही.

फ्यूज काढून उजेडात धरला. तार अखंड.
तरी बदलला.
फ्यूजच्या तोंडावर विश्वास ठेवू नये
हे इचलकरंजीत मागाच्या मोटारींनी शिकवलंय मला,
त्याची किंमत मालकानं पगारातून कापली होती.

मग पंख्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या,
थेट बॅटरीवर टेकवल्या
आणि तो असा घुमला
की गुलजमान चाचा हातातला चहा सांडून वळले.
"मोटर तो ज़िंदा है, उस्ताद."
जिवंत आहे. मग मेलंय कोण?

वायरी परत जागेवर.
सेन्सरचं सॉकेट काढलं, तारेच्या तुकड्यानं जोडलं.
रिले टक् म्हणाला. पंखा गप्प.
निळ्या वायरीवर मीटर: बारा पूर्णांक तीन.
येतोय करंट, अगदी दारापर्यंत येतोय.
काळी वायर तपासली,
मीटर पिपाणी वाजवेना.

यायला वाट आहे, परत जायला नाही.
हे त्याला हिंदीत कसं सांगावं?
म्हणालो, "अर्थ नहीं मिल रहा."
"किसका?"
त्याच्याही भाषेत अर्थ म्हणजे अर्थच.
दोघंही थोडा वेळ गाडीकडे बघत राहिलो.

मी टाकी उतरवत होतो तेव्हा
तो जुन्या टायरवर बसून
बायकोला फोनवर सांगत होता
की गाडी धुवायला दिलीय.

टाकीखाली, फ्रेमला, काळ्या वायरीचा बोल्ट.
दिसायला घट्ट.
पाना लावला तर हातात भुगा आला,
हिरवा, ओलसर.
जिभेवर ठेवला असता तर खारट लागला असता.
दोन उन्हाळे ही गाडी रात्री समुद्राकडच्या डेपोत उभी असते,
आणि समुद्राला पावती फाडता येत नाही.

पॉलिशपेपरनं फ्रेम चकचकीत केली.
नवा बोल्ट, वरून बोटभर व्हॅसलीन.
गाडी चालू केली,
आणि मग काहीच करायचं नव्हतं.
काटा अर्ध्यावर. काटा पाऊणावर.
गुलजमान चाचाही येऊन उकिडवे बसले.
खिमानंदनं हेल्मेट छातीशी धरलं,
तापल्या पातेल्याशी बसल्यासारखे आम्ही तिघं.

टक्.

पोटऱ्यांवर वारा आला,
उन्हाहूनही गरम, रबर आणि तेलाच्या वासाचा.
असला वारा कुणाला आवडेल?
कुणी हललं नाही.

तीन छप्पन्न.
"दाइ, कितना?"
"माफी," म्हणालो.
तो आधी गोंधळला, मग हसला,
आणि पाव दिनार पान्यांच्या डब्यात टाकून गेला.

डबा बंद करतोय तोवर
कोपऱ्यावरून भोंगा ऐकू आला, एकसारखा.
मोफज्जल. त्याच्या गाडीचा हॉर्न
वाजायचा थांबेना.